पहिल्या नगाचा भंडारा

कंटाळा आलाय, खरं सांगते. वय बावन्न, त्यातली एकोणीस वर्षं बारामती एमआयडीसीतल्या ह्या शेडमधी उभ्यानं काढली. रोज कऱ्हाटीवरनं स्कूटीवर यायचं, पांढरा डगला चढवायचा, हातमोजे घालायचे आणि भिंगाला डोळे लावायचे. गुडघे गेले, डोळे निम्मे गेले. जीभ तेवढी शाबूत हाय.

आमी सीलं बनवतो. आधी नुसती दुधाच्या टँकरची बनवायचो. टँकर भरला की झाकणाला सील लावायचं, डेअरीत पोचल्यावर तोडायचं. वाटेत कुणी झाकण उघडून पाणी ओतलं तर सील सांगतं. तीन वर्षांमागं पुण्याच्या एका संस्थेतनं सृष्टी नावाची इंजिनिअर आली. तिशीच्या आतली पोरगी, पण डोक्यानं लई तल्लख. ती म्हणाली, जगात ठिकठिकाणी अणूचा माल पेट्यांत बंद करून ठेवतात. त्याचा कुणी गुपचूप बाँब करू नये म्हणून व्हिएन्नाहून तपासणीवाले येतात, पेटीला सील ठोकून जातात आणि काही महिन्यांनी परत येऊन बघतात. त्यांच्यासाठी नवीन धाटणीचं सील तयार करायचंय, आणि बाहेरच्या मदत कार्यक्रमातनं त्याला टप्प्याटप्प्यानं निधी मिळणार हाय.

"म्हंजे टँकरच की गं," मी म्हटलं.

"टँकरच, मावशी. फक्त आत दूध नाही."

सील म्हंजे बटणाएवढ्या दोन धातूच्या वाट्या, एकीत एक बसणाऱ्या. वरच्या वाटीच्या आत टोच्यानं वेड्यावाकड्या रेघा मारायच्या. दोन सीलांच्या रेघा कधी सारख्या येत न्हाईत, बोटाच्या ठशागत. मी त्या रेघांचा फोटो काढायचा, मग आमच्या प्रेसवाल्या आबाजीनं वाट्या दाबून बंद करायच्या. सील परत आलं की कापायचं, पुन्हा फोटो काढायचा आणि जुन्याशी ताडून बघायचा. रेघ जरा इकडची तिकडं झाली की समजायचं, कुणाचा तरी हात लागलाय.

हे काम एका येगळ्या खोलीत चालायचं, आणि बंद करताना दोघं पायजेत, असा नियम. वहीत दोघांनी सही करायची, की फोटोपासून बंद होईस्तोवर आत कुणी हात लावला न्हाय. हा नियम लिहिताना सृष्टीनं मला विचारलं होतं, एकानं हात लावला तर शिक्षा कुणाला? मी दूध संकलनात काम केलेली बाई. तितं एक पाणी ओततो आणि दुसरा सही करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी म्हटलं, "दोघांचंबी नाव त्या खोलीतनं कायमचं काढायचं. सही करणारा जास्त चोर." तिनं ते तसंच लिहून घेतलं. शहाणपणा कुठं नडेल काय सांगता येत न्हाय.

आबाजी इंदापूरचा. साठीला टेकलेला, लेथवर आणि प्रेसवर त्याच्यासारखा हात आमच्या शेडमधी दुसरा न्हाय. त्याच्या खिशात जेजुरीच्या भंडाऱ्याची डबी कायम. नव्या लॉटचा पहिला नग देवाचा, असं तो मानतो. चिमूटभर हळद त्या नगाला लावायची, 'जय मल्हार' म्हणायचं आणि मग प्रेस दाबायचा. टँकरच्या हजारो सीलांत हेच केलं आणि कधी कुणाचं काही बिघडलं न्हाय.

परीक्षेसाठी चाळीस सीलं व्हिएन्नाला जायची होती. तीन वर्षांची मेहनत त्या चाळीस बटणांत. पहिल्या नगाचा फोटो मी काढला आणि वाटी आबाजीपुढं सरकवली. त्यानं उजव्या हातातला मोजा काढला, डबी उघडली आणि वाटीच्या आत बोट टेकवलं. मला दिसलं. चांगलं लख्ख दिसलं. म्हणायला पायजे होतं, आबाजी, हा नग बाद, दुसरा घ्या. पण सकाळपासनं उभी होते, गुडघे ठणकत होते. पुन्हा रेघा, पुन्हा फोटो, पुन्हा नोंद, कोण करणार? आणि देव माझाबी तोच, नावच म्हाळसा. मी सही ठोकली.

चार महिन्यांनी अहवाल आला. एकोणचाळीस सीलं जुळली, नंबर एकचं जुळलं न्हाय. आतल्या रेघांत पिवळट भुकटी सापडली. परीक्षेत सीलं धुळीच्या पेटीत फिरवली होती आणि त्या धुळीचा रंगबी पिवळाच. त्यांनी लिहिलं, सीलाची कड नीट मिटत न्हाय, बाहेरची धूळ आत जाते. कड म्हंजे सगळी सृष्टीनं आखलेली, नवं काय ते तेवढंच होतं. पुढच्या सोमवारी बैठक, आणि बहुतेक तिसऱ्या टप्प्याचा निधी बंद.

"माझीच कड चुकली, मावशी," सृष्टी म्हणाली. सीलाचे नकाशे पसरून बसली होती, डोळे सुजलेले. आमचे मालक संभाजीराव दारातनं डोकावून निघून गेले. मी तितंच उभी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला त्या फोटोतलं पिवळं बघवंना. ती भुकटी मी ओळखत होते. कपाळाला रोज लावते की.

रविवारी एसटीनं इंदापूरला गेले. आबाजी ओट्यावर बसला होता. त्याची बायको रंगूबाईनं चहा दिला आणि आत गेली.

"आबाजी, नंबर एकमधी तुमचा भंडारा हाय."

"देवाचं नाव लावलं, चोरी न्हाय केली."

"तितल्या माणसाला देव कसा कळणार? त्याला एवढंच कळतं, की आत काहीतरी गेलंय. आणि दोष त्या पोरीच्या माथी बसलाय."

त्यानं बशी खाली ठेवली. दोन महिन्यांवर त्याची निवृत्ती. शेडनं सत्कार ठरवला होता, शाल, नारळ, आणि त्या खोलीत उभा राहून एक फोटो. नातवाला दाखवायला त्याला तो फोटो पायजे होता, वर्षभर तेच बोलत होता.

"तू बघितलं न्हाय म्हण," तो म्हणाला. "माझं एकट्याचं नाव जाऊ दे."

मला असा राग आला म्हणता! "सही कुणाची हाय खाली? माझ्या म्हशीची? बघितलं न्हाय म्हणले तर दुसऱ्यांदा खोटी सही केल्यागत व्हईल." आणि मग माझंच मला रडू आलं. कारण खरं सांगायचं तर एसटीत बसल्या बसल्या मीबी तोच विचार केला होता.

"हात दाखवून अवलक्षण," तो पुटपुटला. मग म्हणाला, "उद्याच्याला सकाळच्या गाडीनं येतो."

सोमवारी बैठकीच्या आधी दोघं सृष्टीपुढं उभे राहिलो. आबाजीनं डबी टेबलावर ठेवली. मी सगळं सांगितलं, गुडघ्यांसकट. तिनं डबी उघडून बघितली. मग ओरडली, "तीन रात्री झोपले नाही मी! तीन वर्षांची कड मी स्वतःच्या हातानं खोडून टाकली असती!" खरं होतं.

तिनं तितल्या तितं व्हिएन्नाला फोन लावला. बैठक पुढं ढकलली. त्यांनी नंबर एक पाण्यानं धुतलं, सुकवलं, पुन्हा फोटो काढला. एकूणएक रेघ जुळली. भुकटी तपासली तर निव्वळ हळद, त्यांच्या धुळीचा कणसुद्धा आत गेलेला न्हाय. सृष्टीची कड घट्ट होती. पंधरा दिवसांनी तिसऱ्या टप्प्याचा निधी मंजूर झाला. संभाजीरावांनी पेढे वाटले.

पेढा खाऊन झाल्यावर सृष्टी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, नियम मीच लिहिलाय. मीच बदलते. तुम्ही स्वतःहून सांगितलंत ना."

"तू लिहिलास, पण बोलले मी. आज माझ्यासाठी बदललास तर उद्या पाणी ओतणाऱ्यासाठीबी बदलावा लागंल."

"दुसरं कोण करणार एवढं बारीक काम?"

"शिकव कुणालातरी. टँकरच्या सीलांवर काम करणाऱ्या प्रगतीचे डोळे चांगलेत."

मी वही मागून घेतली, तीत खोलीत येणाऱ्यांची नावं हायत. आबाजीचं नाव खोडलं, मग माझं. एकोणीस वर्षांत तेवढी एकच खोली होती जितं कुणी मला 'ए बाई' म्हणून हाक मारली न्हाय. आता मी पुन्हा टँकरच्या सीलांवर, पुढच्या शेडमधी. तितंबी उभ्यानंच.

आबाजीचा शेवटचा दिवस आला. शाल झाली, नारळ झाला. फोटो शेडच्या फाटकापाशी काढला, कारण खोलीत जायची त्याला परवानगी न्हाय. निघताना तो खोलीच्या बंद दाराशी थांबला. नव्या माणसांना शिकवायला सृष्टीनं दारावर दोन मोठे फोटो चिकटवलेत. एक मी काढलेला, बंद करायच्या आधीचा, निर्मळ रेघा. दुसरा व्हिएन्नाचा, त्याच रेघांत पिवळं भरलेलं आणि मधोमध, आधी सगळ्यांना नुसता डाग वाटलेला, एका बोटाचा पुसट ठसा. खाली तिनं लिहिलंय, 'हात लागला की असं दिसतं.'

आबाजीनं चष्मा पुसला आणि वाकून बघत राहिला. स्वतःचं बोट त्या ठशासमोर धरून बघितलं.

"सगळंच्या सगळं दाखवतंय की गं," तो म्हणाला. "सील चांगलं झालं आपलं."

"व्हय," मी म्हटलं. "चांगलं झालं."

नातवाला दाखवायला त्यानं मोबाईलवर त्या दुसऱ्या फोटोचा फोटो काढून घेतला. मग मी त्याला स्कूटीवर मागं बसवलं आणि इंदापूरच्या गाडीला सोडून आले.