सभासदाची साखर

लोणीच्या वृषालीचं पत्र आलं तेव्हा वाटलं, उत्तर सविस्तर द्यावं. तेच नडलं.

"सर," तिने लिहिलं होतं, "मला एचआयव्ही आहे, मुलीलाही. साखर विषाणूला अडवते असा तुमचा लेख वाचून सासूबाई गोळ्या बंद करा म्हणतात. कोणती साखर घ्यायची, आणि किती?"

लेखात मी 'शर्करा' लिहिलं होतं. आमच्या जुन्नरच्या साप्ताहिकाचा संपादक कुंडलिक म्हणाला, "सर, शर्करा कोण वाचतंय?" आणि त्याने सगळीकडे 'साखर' केलं. वाद घालणं मला जमत नाही.

पॉलिमरच्या लांब साखळीवर शर्करेचे रेणू जोडतात. रोगप्रतिकारक पेशीवरचं एक प्रथिन त्यांना धरून बसतं, मग विषाणूला तिथे जागा उरत नाही. हे सगळं प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, माणसात नव्हे. तिला हे सोपं करून कसं सांगावं, मला तरी ते नीट कळलंय का, या घोळात पावसाळा संपला.

दिवाळीनंतर कुंडलिकच्या छापखान्यात बसलो होतो. एक म्हातारी येऊन साखरेच्या लेखाचा अंक मागू लागली.

"हे काय, लेखकच बसलेत," कुंडलिक म्हणाला.

"तुमी व्हय! मी लोणीची साळुबाई. सून गेली माझी दसऱ्याला. पण तोंड गोड करून गेली बघा. गोळ्या गोळ्या करीत बसली व्हती, शेवटी मीच चुलीत घातल्या."

"आणि मुलगी?"

"तिला रोज देते की पाण्यातनं. कारखान्याची, सभासदाची साखर हाय आमची, बाजारची न्हाई. पर भरत, माझा ल्योक, पुण्याला निघालाय तिच्या गोळ्या आणाया. कात्रण फाटलं. त्याला दाखवाया अंक पायजे."

"आजी, साखरेनं काही होत नाही. गोळ्याच द्या तिला."

"आता फिरू नका, गुरुजी. छापलंय ते खोटं, आन् तोंडानं बोलताय ते खरं व्हय?"

कुंडलिकने तोवर गठ्ठ्यातून अंक काढून दिला होता. "राहू द्या पैसे, आजी." अंक पिशवीत घालून ती गेली.

तिथेच कागद-पाकीट मागून घेतलं आणि लिहिलं.

"भरत, लेखातली साखर खायची नव्हे. तिने हा रोग अडत नाही. वृषालीने विचारलं होतं, मी कळवलं नाही. आईचं ऐकू नका, मुलीच्या गोळ्या आणा."

साळुबाईची एसटी केव्हाच सुटली होती. मी पाकीट चिकटवलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं.