रावसाहेबांची खिटी

उत्तरेश्वरच्या दुकानात खोटा माल नव्हता आणि गोड बोलणंही नव्हतं. स्वारगेटच्या मागच्या बोळात पाडलेल्या बंगल्यांची दारं-खिडक्या विकणारा हा गृहस्थ गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "ही नवी आहे. जुनी दिसते म्हणून जुनी होत नाही." हल्ली संगणकाच्या कंपन्यांतली पोरं नव्या फ्लॅटसाठी जुनं पितळ शोधत यायची. त्यांना काहीही खपवता आलं असतं, पण हा त्यांनाही तेच ऐकवायचा. आपला लेक अशाने एक दिवस उपाशी मरणार, अशी चंपाबाईंची खात्री होती.

रावसाहेबांनी त्याला गाठलं ते याच तोंडामुळे. लष्कर भागातला त्यांचा राणीच्या काळातला बंगला बिल्डरने घेतला होता. तिथे काचेचं ऑफिस उठणार होतं, आणि रावसाहेब विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये निघाले होते. बंगल्यातून त्यांनी एकच वस्तू काढून आणली: झोपायच्या खोलीच्या खिडकीची पितळी खिटी, मुठीवर द्राक्षाचा वेल असलेली. त्यांची पत्नी जिवंत होती तोवर रोज सकाळी ती खिडकी तीच उघडत असे.

"लाकडी खिडकी करून घेतोय, तिला ही बसवायची. तोवर सांभाळा," ते म्हणाले. "आणि हरवलीत तर दुसरी देऊ नका."

अडचण एवढीच, की त्या काळच्या साहेबलोकांनी बहुधा एकाच विलायती कारखान्याचा माल मागवला होता. तसल्याच वेलाच्या खिट्या उत्तरेश्वरकडे पेटीभर होत्या. रावसाहेबांची ओळखू यायची ती हिरव्या रंगाच्या पुटांवरून. म्हणून त्याने ती फडक्यात बांधून वेगळी फळीवर ठेवली.

खंडेनवमीच्या सकाळी तो झेंडू आणायला मंडईत गेला. परतला तेव्हा दुकानातलं सगळं पितळ सोड्याच्या पाण्यात उकळून, चिंचेने घासून, हारीने पाटावर मांडलेलं होतं. फळीवरचं फडकंसुद्धा धुऊन वाळत पडलं होतं.

"आई, यातली खिटी कुठाय?"

"ती बी घासली की! पूजेला असलं हिरवं-काळं मांडायचं व्हय?"

एकूण एक खिट्या लखलखत होत्या. उत्तरेश्वरने त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, पण एकीवरही हिरवा ठिपका उरला नव्हता. सोड्याने सोललेली आईची बोटं दिसत होती, त्यामुळे तिच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. लाज मात्र त्याला मनापासून वाटली.

दसऱ्यानंतर रावसाहेब आले. त्याने आडवळण न घेता सांगून टाकलं, "साहेब, तुमची खिटी यातलीच आहे. पण कोणती, ते मला आता सांगता येत नाही."

"तुम्हाला येत नसेल," रावसाहेब म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

डोळे मिटून ते एकेकीची मूठ फिरवू लागले. बऱ्याच बाजूला सारल्या. मग एकीवर हात थांबला. त्यांनी ती पुन्हा फिरवली, आणि त्यांचा कडक चेहरा एकदम सैल पडला.

"ही! हिची मूठ अर्ध्यात अडते. आमची मंडळी म्हणायची, तेल घाला. मी कधी घातलं नाही."

उत्तरेश्वरने खिटी बांधायला हातात घेतली. मागच्या बाजूला, जोडावर, त्यानेच लावलेला डाख होता. खडकीच्या एका बंगल्यातून मोडकी आलेली ही खिटी त्याने श्रावणात स्वतः सांधली होती. डाख जरा जास्त झाला, म्हणून ती अडत होती.

"हीच ना हो?" रावसाहेबांनी विचारलं. इतका वेळ त्यांच्या आवाजात शंका नव्हती, ती आता आली.

"हीच, साहेब," उत्तरेश्वर म्हणाला. दुकानात बसून तो खोटं बोलला ते पहिल्यांदाच, आणि तेही फुकट.

विश्रांतवाडीला जाऊन खिटी त्यानेच बसवली. डाखाची बाजू लाकडाकडे गेली. पुढच्याच आठवड्यात एक आर्किटेक्ट बाई दुकानात आल्या आणि पेटी पाहून हरखल्या.

"या सगळ्या मला हव्यात."

"विकायच्या नाहीत. यातली एक एका गिऱ्हाइकाची आहे."

"मग ती काढून ठेवा ना, बाकीच्या द्या!"

उत्तरेश्वरने पेटीचं झाकण लावलं.