तनयाचं देशदर्शन

उन्मेष दिल्लीत जन्मला, दिल्लीत वाढला, आणि तिशी उलटेपर्यंत त्याने ताजमहाल पाहिला नव्हता. आता यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. वडील राजाभाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला सरकारी क्वार्टर, आणि दिल्लीतल्या तमाम मराठी घरांचा जो शिरस्ता तोच त्यांचाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ट्रंका बांधायच्या आणि आगगाडीत बसून थेट सातारा गाठायचा. वाटेत गाडी आग्र्याला थांबायची. राजाभाऊ खिडकीतून हात काढून पेठ्याचा डबा घ्यायचे, गाडी हलायची, आणि उन्मेषचा आग्रा तिथेच संपायचा. पोराने हट्ट धरलाच, तर राजाभाऊ म्हणायचे, ताजमहाल कुठे पळून चाललाय?

पुढे देशाची दारं उघडली, नोएडाच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या, आणि अमेरिकेचं काम करणाऱ्या एका कंपनीत उन्मेषला नोकरी लागली. तिथे एका परदेशी पाहुण्याने जेवताना ताजमहालाबद्दल काहीतरी विचारलं, आणि आमच्या पठ्ठ्याला पेठ्यापलीकडे काही सांगता येईना. टेबलावरचे सगळे हसले. ते हसणं त्याला फार लागलं. आपण राहिलो तसं आपल्या पोरीला कूपमंडूक राहू द्यायचं नाही, असं त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं. लहानपणी जितका प्रवास तितकं मूल हुशार, असं एका इंग्रजी मासिकातही त्याच्या वाचनात आलं होतं. पोरगी तेव्हा अजून रांगत होती.

ती चालायला लागल्यापासून पाच वर्षांची होईपर्यंत जयपूर झालं, हरिद्वार झालं, नैनिताल झालं. तनयाला गाडी लागायची. आधी ती गप्प व्हायची, मग पांढरीफटक पडायची, आणि मग तिच्या आईने, वृंदाने, घाईघाईने पिशवी पुढे धरायची. पण ओकाऱ्या परवडल्या, परतीच्या वाटेवरची परीक्षा नको, असं व्हायचं. गाडी घराच्या दिशेला लागली की उन्मेष समोरच्या आरशात बघत विचारायला सुरुवात करायचा. हवामहालाचा रंग कोणता? गंगा कुठून येते? आपण काल कोणता तलाव पाहिला? तनयाला यातलं काहीही आठवत नसे. हॉटेलच्या भिंतीवरच्या पालीला शेपूट नव्हती, हे तिला जयपूरचं आठवे. हरिद्वारला माकडाने एका काकांचा चष्मा पळवला, हेही ती रंगवून सांगे. उन्मेष कपाळाला हात लावायचा. त्याच्या ऑफिसातल्या राजीवचा मुलगा पाहुण्यांपुढे किल्ल्यांची नावं धडाधड म्हणून दाखवायचा, आणि इथे एवढं पेट्रोल जाळून पालथ्या घड्यावर पाणी.

वृंदा शाळेत शिकवायची, तेही बालवर्गाला. म्हणजे लहान मुलांतलं त्या घरात कोणाला कळत असेल तर तिला. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. ती म्हणायची, फिरायला माझी ना नाही, पण मूल जागा बघत नाही, ते बरोबरची माणसं बघतं. रविवारी तिला खाली बागेत ने, ती वाळूत घरं बांधते, तिथे नुसता बसून राहा.

"बाग काय, रोजचीच आहे," उन्मेष म्हणाला.

"तिची रोजची आहे. तू कधी गेलायस?"

तो जाणार तरी कधी? अमेरिकेच्या घड्याळावर चालणारी नोकरी, तो घरी यायचा तेव्हा तनया झोपलेली असायची आणि तो उठायचा तेव्हा शाळेत गेलेली. बापलेकीची गाठ पडायची ती गाडीतच. म्हणून तर तो सहली काढत होता, आणि हे वृंदाच्या लक्षात कसं येत नाही याचा त्याला राग येत होता.

डिसेंबरअखेरीस त्याने आग्र्याचा बेत केला. या वेळी राजाभाऊंनाही बरोबर घेतलं. त्यांनी आढेवेढे घेतले, पण पुढच्या सीटवर मफलर गुंडाळून सगळ्यांच्या आधी तेच जाऊन बसले. फरिदाबाद येईपर्यंत धुकं इतकं दाटलं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा अगदी जवळ गेल्यावर दिसत. परत फिरू या, वृंदा म्हणाली. उन्मेष म्हणाला, आग्र्यात ऊन पडलेलं असेल. हे त्याला कोणी सांगितलं होतं देव जाणे. पलवलच्या पुढे तनयाने नव्या स्वेटरवर सगळं दूध ओकून टाकलं. वृंदा रस्त्याच्या कडेला थंडगार पाण्याने तिला पुसत होती, आणि उन्मेष पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता.

आग्र्यात ऊन नव्हतं. रांग लावून, तपासणी करून, दरवाजातून आत गेले, तर जिथे ताजमहाल असायला हवा तिथे नुसतं पांढरं धुकं. लोक कॅमेरे गळ्यात अडकवून ताटकळत उभे होते. राजाभाऊ एका बाकावर टेकले आणि कानटोपी नीट करू लागले. उन्मेषच्या डोक्यात मात्र तिडीक गेली होती. सगळ्या रस्त्यावर, सगळ्या धुक्यावर आणि पळून न गेलेल्या त्या इमारतीवर. त्याने तनयाला समोर उभं केलं.

"समोर काय आहे, सांग."

"काही नाही."

"नीट बघ. ताजमहाल आहे. कोणी बांधला? काल शिकवलं होतं ना मी?"

"अकबर," तनया चाचरत म्हणाली. "बाबा, मी थकून गेली. पैर दुखतायत."

"अकबर नाही. परत सांग. कोणी बांधला? कोणासाठी?"

त्याचा आवाज चढला होता हे त्याला कळलं नाही. शेजारच्या बाईने वळून बघितलं. वृंदा पुढे झाली, पण त्याने हाताने तिला थांबवलं. आज पोरीकडून उत्तर काढायचंच, या हट्टाला तो पेटला होता. त्याने एकेक शब्द सांगितला, तिने एकेक म्हटला, आणि मग शाळेतली कविता म्हणावी तशी हेल काढून तिने सगळं एका दमात म्हणून टाकलं, शहाजहान, मुमताज, संगमरवर, यमुना. नाक वाहत होतं, तेही पुसायचं तिला सुचलं नाही.

नेमकं तेव्हाच धुकं विरळ झालं. आधी घुमट दिसला, मग मिनार, मग सगळाच्या सगळा. भोवतीचे लोक एकदम बोलायचे थांबले. राजाभाऊ बाकावरून उठून उभे राहिले. उन्मेष आनंदाने वळला आणि म्हणाला, बघ तनू, बघ. तनया वर बघत होती, पण त्याच्या तोंडाकडे.

"बरोबर सांगितलं ना?" तिने विचारलं.

हो, बरोबर, असं तो म्हणाला खरा. पण त्यानंतर त्याचं कशात लक्ष लागेना. फोटो काढून झाले, जेवणं झाली. संध्याकाळी बदरपूरला ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली. परीक्षा घ्यायची वेळ झाली होती, पण आज त्याने आरशात बघायचं टाळलं. मागे वृंदाच्या मांडीवर पडलेली तनया पुढे सरकली आणि तिने राजाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजोबा, सोमवारी बाबांना ऑफिस आहे ना?"

"आहे की. का गं?"

तनयाने हात काढून घेतला आणि ती पुन्हा आईला टेकली. उन्मेषला मात्र भरून आलं. पोरगी आपल्यासाठी झुरते, सोमवार आला की बाबा जाणार म्हणून ती हिरमुसली, असं त्याला वाटलं. वृंदा म्हणत होती ते बरोबर होतं. कशाला ते आग्रा नि जयपूर?

"सोमवारी मी सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "ऑफिस गेलं खड्ड्यात. आपण दोघं खाली बागेत जाऊ, दिवसभर. चालेल?"

त्याने आरशात बघितलं. तनयाचा चेहरा उतरला होता. ती आईच्या कानाशी लागली आणि तिला वाटलं तितक्या हळू नाही, तर गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

"आई, बागेत पण बाबा क्वेश्चन विचारणार?"

वृंदाने तिला जवळ ओढून घेतलं. पुढचा ट्रक हलला होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि उन्मेष गिअरवर हात ठेवून तसाच बसला होता.

"उन्मेष," राजाभाऊ म्हणाले, "गाडी काढ."