रिकाम्या टोपीला आठवलेला चेहरा

पडद्यावर सुरुवातीला नुसती खसखस सांडल्यासारखं दिसत होतं. काळे ठिपके, पांढरे ठिपके, सगळे वळवळणारे. मग त्यातून एक कपाळ वर आलं. कपाळाखाली भुवया आल्या, नाक आलं आणि शेवटी हनुवटीवरचा तीळसुद्धा आला.

"बाबांनी मला ओळखलं!" पुढच्या रांगेतली बाई किंचाळली आणि स्ट्रेचरवर निपचित पडलेल्या म्हाताऱ्याच्या पायांवर कोसळली. पडद्यावरचा चेहरा तिचाच होता. सभागृहातली माणसं ताडकन उभी राहिली. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. माझ्या शेजारी ताई उभी होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

"डॉक्टर लोक डोक्याचा फोटो काढतात," माईकवरून आवाज आला, "आम्ही डोक्यातला फोटो काढतो!"

हे चित्रवैद्य. नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो कोणाच्या छातीला लागलेला मात्र कोणी पाहिला नव्हता. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली तारांची रबरी टोपी. ती टोपी बेशुद्ध माणसाच्या डोक्यावर चढवायची, की त्याच्या मेंदूतल्या लहरी कॉम्प्युटरमध्ये जातात आणि तो आतल्या आत ज्याची आठवण काढतोय त्याचं चित्र पडद्यावर उमटतं, असा त्यांचा दावा.

मी वैद्यकीय संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. डोक्याला लावलेल्या तारांमधून जे सिग्नल येतात, त्यातला कचरा वेगळा करणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे कचऱ्याची आणि माझी जुनी ओळख आहे. अशा टोपीतून माणसाला झोप लागलीय की फिट येतेय, एवढं कळतं. हनुवटीवरचा तीळ दिसत नाही. पण हे ताईला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता.

भावोजी बांधकामावरून पडले तेव्हापासून शुद्धीवर नव्हते. नाकात नळी, आणि फिट येऊ नये म्हणून वेळच्या वेळी औषध. "एक डोससुद्धा चुकवायचा नाही, फिट सुरू झाली तर थांबवता येईलच असं नाही," असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. तरी ताईने स्वतःच्या जबाबदारीवर सही करून त्यांना नर्ससह ॲम्ब्युलन्समधून इथं आणलं होतं. चित्र उमटलं, तर भावोजी आजपासून 'उपचारासाठी' इथंच मागच्या दालनात राहणार होते आणि औषध बंद होणार होतं. औषधाने म्हणे लहरी गढूळ होतात.

मागच्या दालनाचं दार बंद होतं. मधेच तिथून लोखंडी खाट जोरजोरात खडखडल्याचा आवाज आला. दाराशी उभ्या असलेल्या मदतनीसाने शांतपणे संगीताचा आवाज वाढवला. मी मान वळवून दाराकडे पाहिलं. इतरांचे डोळे पडद्यावर होते.

आमचा नंबर आला. नोंदणीच्या खिडकीत बसलेल्या मुलीने हात पुढे केला. "पेशंटच्या जवळच्या माणसाचा फोटो द्या. मशीनमध्ये घालायचाय."

"आठवण त्यांच्या डोक्यात आहे ना?" मी विचारलं. "मग फोटो कशाला लागतो?"

"अहो, मशीनला कळायला नको का, कोणाला आठवायचंय ते?"

ती अगदी निरागसपणे बोलली. सगळी गोम त्या एका वाक्यात होती आणि तिथून शेकडो माणसं ते वाक्य ऐकून पुढे गेली होती. ताईने आपल्या मुलाचा फोटो माझ्याकडे दिला होता. मी तो पर्समध्ये ठेवला आणि दुसराच पुढे केला. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर जे पहारेकरीकाका बसतात, त्यांचा. काल मागितला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मला कशाला त्यांच्या डोक्यात पाठवताय?" भावोजींनी त्यांना उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

भावोजींना टोपी घातली. दिवे मंद झाले. मी स्ट्रेचरच्या उशाशी उभी राहिले, ताई पायथ्याशी. पडद्यावर खसखस वळवळू लागली.

"बाई, मुलाचं नाव मनात घ्या," चित्रवैद्य ताईला म्हणाले. "तुमच्या धन्याचा जीव बंद खोलीत अडकलाय. आम्ही फक्त खिडकी उघडतो. शंका घेऊ नका, शंकेने खिडकी बंद होते!"

सगळ्यांच्या माना पडद्याकडे होत्या. मी भावोजींच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, टोपी अलगद काढली आणि मागे धरून उभी राहिले. चित्र थांबलं असतं, तर मी खोटी ठरले असते आणि ताई कायमची हातची गेली असती.

चित्र थांबलं नाही. उलट जास्तच भराभर उमटायला लागलं. कपाळ, भुवया आणि मग झुपकेदार मिशा.

"हे कोण?" ताईचा आवाज चिरकला.

चित्रवैद्य क्षणभरच अडखळले. मुरलेला गडी! "गेल्या जन्मीचा सखा! या जन्मीचं नातं कच्चं असतं बाई, जीव आधी जुन्याला हाक मारतो!" सभागृहात पुन्हा हात जोडले गेले.

"कोणाच्या गेल्या जन्मीचा?" मी टोपी डोक्यावर उंच धरली. "या टोपीच्या? भावोजींच्या डोक्यावर ही केव्हाची नाही!"

लोक टोपीकडे बघत होते, मग पडद्याकडे, मग पुन्हा टोपीकडे. पहारेकरीकाका हळूहळू अधिक स्पष्ट होत होते. दोन मदतनीस माझ्या दिशेने निघाले. "लहरी हवेत रेंगाळतात!" चित्रवैद्य ओरडले. "पकडा तिला!"

ताई मधे आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. "तू फोटो बदललास?"

"हो."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर बदलू दिला असतास का?"

तिने माझ्या हातातून टोपी घेतली आणि शेजारच्या लोखंडी स्टुलावर ठेवली. मग माझ्या पर्समधून मुलाचा फोटो काढून खिडकीतल्या मुलीपुढे धरला. "आता हा घाल."

मुलीने चित्रवैद्यांकडे पाहिलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "घाल की! बघू दे!" मुलीने फोटो घातला.

स्टुलाच्या डोक्यातून माझा भाचा उमटला. कपाळावरच्या बटा, पडलेला पुढचा दात, सगळं. ताईने तो शेवटपर्यंत पाहिला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मला तिची इतकी दया आली की आपण जिंकलो, असं एकदाही वाटलं नाही.

मग मी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. तारांमधून कचरा येतच असतो, डोकं असो वा नसो. कॉम्प्युटर त्या कचऱ्याचे हजारो तुकडे करतो. त्यातले जे तुकडे तुमच्या फोटोशी किंचितही जुळतात तेवढेच ठेवतो, बाकीचे फेकतो, आणि ठेवलेले एकावर एक रचतो. जमिनीवर खडूने चेहरा काढा, त्यावर मूठभर तांदूळ उधळा, रेघेवर पडलेले दाणे ठेवा आणि बाकीचे झाडून टाका. चेहरा दिसेल. तो तांदळांना आठवला म्हणायचं का? खऱ्या संशोधनातही ही चूक नकळत होते, म्हणून आम्ही रिकामी टोपी लावून आधी तपासतो. इथं ती चूक नव्हती. इथं तोच धंदा होता.

तेवढ्यात मागे पुन्हा खाट खडखडली. आता संगीत बंद होतं आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला. ताई सर्वांत आधी धावली. मदतनीसाला ढकलून तिने दार उघडलं. आत ओळीने खाटा होत्या आणि एका खाटेवर एक तरुण पोरगी फिटने आचके देत होती. जवळ कोणीही नव्हतं. आमच्या ॲम्ब्युलन्समधली नर्स इंजेक्शन घेऊन आत पळाली. परत वळून पाहिलं तेव्हा व्यासपीठावर माईक होता, चित्रवैद्य नव्हते.

"यांच्या औषधाची वेळ झाली असेल ना?" ताईने कोरड्या आवाजात विचारलं, आणि स्ट्रेचर स्वतःच ढकलायला लागली.

आता सभागृह रिकामं होईल असं वाटलं होतं. तसं नव्हतं. बरीच माणसं फोटो धरून खिडकीपुढे उभीच होती. खिडकीत आता कोणी नव्हतं. पहिल्या माणसाच्या हातात एका लहान मुलीचा फोटो होता. "साहेब परत येतील ना?" त्याने मला विचारलं.

"येतील. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावात," मी म्हटलं. "तेव्हा एकच करा. फोटो खिशातच ठेवा. म्हणावं, आधी चित्र काढून दाखव, मग आम्ही सांगतो कोण ते."

त्याने फोटो छातीशी धरला. "आणि चित्र आलंच नाही तर?"

"तर नाही आलं, दादा. मग डॉक्टरांना विचारायचं, औषध चुकवायचं नाही, आणि हात हातात घेऊन बसायचं."