माझ्या मागचा निळा टॉवेल

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. बाथरूमबाहेरच्या अरुंद बोळात माझी जागा. मित्रांनो, आता मी फिरते तेव्हा बाजूच्या खोलीतसुद्धा कळत नाही. पण हे नेहमीचं नव्हतं, तेच सांगते.

माझ्या पोटात स्टीलचा ड्रम आहे. त्याच्या मागे एक दांडा, आणि तो दोन बेअरिंगांवर फिरतो. बेअरिंग म्हणजे पोलादी गोळ्यांची कडी. तिथवर पाणी जाऊ नये म्हणून एक रबरी सील असतं. तळहाताहून लहान, पण माझं आयुष्य त्याच्यावर.

काकूंनी मला घरी आणलं तेव्हा साबणाने त्यांचे हात फुटलेले होते. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या आणि काचेतून कपडे फिरताना पाहत राहिल्या.

"टीव्ही विकून टाकू का?" काकांनी विचारलं.

"टीव्हीने कधी चादरी धुतल्यात?" काकू म्हणाल्या.

चौदा वर्षं मी धुणं धुतलं. मुलीचे शाळेचे कपडे, मग ऑफिसचे. तिचं लग्न झालं आणि धुणं निम्मं झालं. मी पिळायला लागले की काकू माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. बिघाड पहिल्यांदा त्या हातालाच कळला.

"अहो, ही घरघरतेय. मागून तांबूस पाणीही गळतंय. मेकॅनिकला बोलवा."

"चालतेय ना? मग चालू दे."

काकूंनी एक जुना निळा टॉवेल घडी करून माझ्या मागे सारला. दर धुण्यानंतर त्या तो काढून पिळायच्या. त्याच सुमारास जिना चढून आल्या की त्या मला टेकून उभ्या राहू लागल्या. त्यांचा श्वास मला ऐकू यायचा.

"दम लागतो हल्ली."

"वय झालं आपलं," काका म्हणायचे.

काका वाईट नव्हते. त्यांना वाटायचं, लक्ष दिलं नाही की दुखणं कंटाळून निघून जातं.

एका सकाळी काकूंना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत. त्यांनी लावलेलं धुणं चार दिवस माझ्या पोटात ओलं पडून होतं.

पुढे काकांनी मला सुरू केलं, तर शेजारीण दार वाजवून गेली, इतकी मी गरजले. मुलगी म्हणाली, "बाबा, भंगारात द्या. नवी पाठवते मी."

"आधी मेकॅनिकला बोलवतो," काका म्हणाले.

दीड वर्ष उशिराने मेकॅनिक आला. त्याने मागचं झाकण, पट्टा, चाक उतरवलं. दांड्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोकलं आणि ड्रम बाहेर काढला. सील चिरलं होतं. बेअरिंगच्या गोळ्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"काका, वेळेवर सील बदललं असतं तर बेअरिंग वाचली असती. मशीन एकाएकी बसत नाही. आधी कितीतरी दिवस सांगत असते."

"माझी बायको सांगत होती," काका म्हणाले. "मीच चालू दे म्हणालो."

मेकॅनिकने दांडा पुसून त्यावर नख फिरवलं. "इथे खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. मग ही भंगारातच द्या."

काकांनी बॅटरी जवळ धरली.

"वाचलाय," मेकॅनिक म्हणाला.

त्याने नवी बेअरिंग ठोकून बसवली, ग्रीस भरलं, नवं सील दाबलं. तासाभरात मी पुन्हा उभी राहिले.

मित्रांनो, घरात कुणी म्हणालं की आवाज येतोय, गळतंय, दम लागतोय, तर हातातलं काम ठेवून उठा. माझं सील दुकानात मिळतं.

काका आता धुण्याच्या दिवशी माझ्यासमोर स्टूल टाकून बसतात. पिळताना माझ्या डोक्यावर हात ठेवतात. त्याआधी तो निळा टॉवेल माझ्या मागे न विसरता सारतात, आणि धुणं झालं की पिळायला बाहेर काढतात.

तो कोरडा असतो.