आत्याबाईंची चटई

समुद्रात भिजत घातलेली केवड्याची पानं मी कमरेएवढ्या पाण्यातनं ओढून आणली आणि बघते तर निम्मी तांबडीच. औंदा पाऊस नाही. झाडावरच करपलेली पानं ती, समुद्रात टाकून पांढरी कुठली व्हायला?

काठावर बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "लुपे, एवढ्या पानांत चटई पुरी व्हायची न्हाई."

"व्हईल की, आत्याबाई."

"मला नको शिकवूस. जल्म गेला माझा विणण्यात."

त्यांचं खरं होतं. टोंगातनं ऑकलंडला गेलेल्या आमच्या गावच्या बायांनी तिकडं मंडळ काढलं होतं, आणि पुढारीण आमच्याच वन्सं, पेलेनाइसे. इथनं घरटी एक बारीक विणीची चटई द्यायची, तिकडनं त्या गावाला पावसाच्या पाण्याची टाकी बांधून देणार, असं ठरलेलं. त्यांना लग्नाला, मयताला चटया लागतात आणि तिकडं केवडा येत नाही. इकडं विहिरीच्या मचूळ पाण्यानं आमच्या पोरांची पोटं धड राहीनात. एका घरानं हात वर केले की सगळ्या गावाची टाकी अडणार.

घरी आल्यावर आत्याबाईंनी आपल्या गादीखालची चटई ओढून काढली. लग्नाआधी विणलेली, जुन्या लुगड्यासारखी मऊ. मला हिच्यातच गुंडाळून मातीत ठेवा, हे त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं.

"ही दे."

"ती न्हाई द्यायची. मी सांगते वन्संना, आमच्याकडं न्हाई म्हणून."

"आन् पोरांनी मचूळच प्यायचं का? मला कुठं आज जायाचंय. माझ्यासाठी तू विणशील की सावकाश."

वन्सं आल्या, चटया घेऊन गेल्या आणि बोलल्याप्रमाणं टाकी बांधून दिली. शब्दाच्या पक्क्या. टाकीवर निळ्या रंगात मंडळाचं नाव आलं. मग पाऊस आला, टाकी काठोकाठ भरली, आणि त्याच आठवड्यात आत्याबाई खोकत खोकत गेल्या.

माझा नवरा ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेलेला. मीच वन्संना फोन लावला.

"वन्सं, येताना आत्याबाईंची चटई तेवढी आणा."

त्या म्हणाल्या, "लुपे, इथल्या पाद्रीबाबांच्या पोराच्या लग्नात दिली गं मी ती. सगळ्यात चांगली तीच होती. दिलेली परत कशी मागू? आन् मला विमानात जागा पण मिळंना झालीय."

"मग आत्याबाईंना कशावर ठेवू?"

"तुझी हाय न्हवं?"

"अर्धीच झालीय."

त्या रडायला लागल्या. रडता रडताच म्हणाल्या, "पायाकडची बाजू खाली दुमड. मयत इथं सगळं मंडळ फोनवर बघणार हाय."

दुमडली. तरी न विणलेली पानं बाहेर येतच राहिली, म्हणून मी आत्याबाईंच्या पायाशी बसून हातानं दाबून धरली.

आजूबाजूच्या गावांची माणसं आली. सगळ्यांना पुरेल एवढा चहा झाला, पाणी कमी पडलं नाही. शेजारच्या सिसिलियाकाकू पेला रिकामा करून म्हणाल्या, "काय गोड पाणी हाय गं."

खरंच गोड होतं. मीही उठून प्याले. राग आला होता, पण कुणावर काढायचा तेच कळेना. मग परत जाऊन पायाशी बसले आणि सुटी पानं हाताखाली दाबली.