स्वतःच्या जबाबदारीवर

आमच्या कालव्यावरच्या लोखंडी पुलाची एकच गोष्ट दरवर्षी नवी व्हायची: पाटी. "पूल धोकादायक आहे. स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा." बावीस वर्षं ती रंगवणारा पेंटर मी. पूल गंजून चाळण झाला, पण माझी अक्षरं बघा, मोत्यासारखी! लोक कौतुकाने वाचायचे आणि त्याच पुलावरून जायचे. न जाऊन करतात काय? दुसरी वाट तासाभराची.

माझी ताई पलीकडच्या दवाखान्यात आया आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिचं बोलणं मी आजही मुकाट ऐकून घेतो. गेल्या महिन्यात ती कामावर जात असताना पुलाचा पत्रा मोडला आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. चौदा टाके पडले. मी धावत घरी गेलो, तर बाई पाय उशीवर ठेवून हसत होती.

"तुझीच पाटी वाचत होते रे. खाली बघायचं राहिलं."

मला काही हसू आलं नाही. मी घाबरलो होतो. टाके निघाले की ती पुन्हा त्याच पुलावरून जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याच्या उपअभियंता साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाटी वाचली नव्हती का तिने?" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! वर पाहणीची वही पुढे सरकवली. दरवर्षी त्यांची सही आणि एकच शेरा, 'पूल सुस्थितीत.' पुलावर एक, वहीत दुसरंच.

निघताना कारकुनाने नेहमीचा कागद हातावर ठेवला: 'पुलावरील फलक नव्याने रंगवावा.' बाहेर येऊन मी तो तीनदा वाचला. मजकूर काय लिहायचा, ते त्यात कुठेच नव्हतं. बावीस वर्षांत कधीच नव्हतं. म्हटलं, चला, रान मोकळं!

"पूल सुस्थितीत आहे. बिनधास्त जा. जबाबदारी: उपअभियंता, बांधकाम खाते." हुद्दा लाल रंगात काढला, खाली सावलीसुद्धा दिली.

दुपारपर्यंत साहेब घामाघूम होऊन हजर.

"हे काय लिहिलंस?"

"तुमच्याच वहीतलं, साहेब."

"आधी पूस ते!"

"पुसतो की. फक्त 'पूल धोकादायक आहे' एवढं लिहून खाली सही करा. उगाच पुन्हा घोळ नको."

साहेबांनी पेन काढलं. मग त्यांना ती वही आठवली असावी, कारण पेन परत खिशात गेलं. तेवढ्यात हातगाडीवर कपाट घेऊन एक आजोबा आले, पाटी वाचली आणि साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ते लाल अक्षरातले तुम्हीच का? मग कपाट नेतो हं पुलावरून."

"नाही!" साहेब किंचाळले. "कुणीही जायचं नाही!"

पूल त्याच दिवशी बंद झाला. तीन आठवडे लोक लांबच्या वाटेने चालत मला शिव्या घालत होते. पण बावीस वर्षं अर्ज करून जे झालं नाही ते झालं. नवे पत्रे, नवे बोल्ट आणि कधी नव्हे तो कठडाही.

पूल उघडला त्या सकाळी ताई लंगडत आली. पाय आत गेला होता नेमकी तिथेच जाऊन उभी राहिली आणि दोनदा जोरात पाय आपटला. पत्रा जागचा हलला नाही. मला रडू फुटलं. डोळे रंगाच्या फडक्याने पुसले, त्यामुळे गालाला लाल रंग लागला तो वेगळाच.

साहेब काठावरच उभे होते. हळूच मला म्हणाले, "आता हुद्दा काढून टाक. नुसतं 'जपून जा' लिही."

ताईने ते ऐकलं. ती परत आली आणि तिने हात पुढे केला.

"चला साहेब, घाबरू नका. माझ्या जबाबदारीवर या."